न आलेल्यांची यादी

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला चिंचोळा, गरीब देश. त्याच्या उत्तर भागातल्या चार दवाखान्यांच्या रजिस्टरांत मिळून २५३ नावांपुढे एकच शेरा पडला होता: तीन महिने फिरकले नाहीत. सगळे एचआयव्हीबाधित. सगळ्यांना दवाखान्यातून फुकट गोळ्या मिळत होत्या आणि एक दिवस ते यायचे थांबले. अशांना आरोग्य खात्याच्या भाषेत ‘लॉस्ट टू फॉलो-अप’ म्हणतात. आपल्याकडच्या एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रांत, त्याचंच ‘एलएफयू’ झालं आहे. शब्द मोठा सोयीचा आहे. माणूस ‘हरवला’ म्हटलं की दोष हरवणाऱ्याकडे जातो, आणि रकाना भरला की दवाखान्याचं काम संपतं.

तिथल्या डॉक्टरांनी आणि संशोधकांनी मात्र रकान्यापाशी थांबायचं नाही असं ठरवलं आणि एकेक नाव घेऊन शोध सुरू केला. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत त्याचा निकाल छापून आला. २५३ पैकी १२७ जण, म्हणजे निम्मे, वारले होते. त्यांतले अर्ध्याहून अधिक तर दवाखान्यातल्या शेवटच्या फेरीनंतर तीन महिन्यांच्या आतच गेले होते. ५८ जण जिवंत सापडले. त्यांतल्या काहींनी दुसऱ्या केंद्रात नाव घातलं होतं आणि तिथे त्यांच्या गोळ्या नीट चालू होत्या. गोळ्या सोडून दिलेल्यांचं मोठं कारण होतं गाडीभाडं. औषध फुकट असलं तरी तिथवर जाणारी गाडी फुकट नव्हती. उरलेल्या ६८ जणांचा ठावठिकाणाच लागला नाही. बहुतेकांच्या बाबतीत त्यामागे अगदी साधी गोष्ट होती. रजिस्टरात लिहिलेला पत्ता चुकीचा होता.

म्हणजे एकाच शेऱ्याखाली चार वेगळ्या कहाण्या दडल्या होत्या आणि प्रत्येकीवरचा इलाज वेगळा होता. जे सुरुवातीलाच दगावले त्यांना आजार बळावण्याआधी गाठायला हवं होतं. ज्यांच्याकडे गाडीभाडं नव्हतं त्यांच्यासाठी केंद्र जवळ आणायला हवं होतं, नाहीतर एका फेरीत जास्त गोळ्या द्यायला हव्या होत्या. दुसरीकडे गेलेल्यांसाठी दोन दवाखान्यांनी एकमेकांना कळवलं असतं तरी पुरे होतं. आणि पत्ता न लागलेल्यांच्या बाबतीत, पहिल्या दिवशी नाव-गाव लिहून घेणाऱ्या कारकुनाने पाच मिनिटं जास्त द्यायला हवी होती. ‘अमुक टक्के रुग्ण हरवले’ या एका वाक्यातून यातलं काहीही कळलं नसतं.

शाळेचं उदाहरण घेतलं तर ही गोष्ट चटकन उमगते. शाळेची पटसंख्या शिक्षणाधिकाऱ्याला पुरते. खोल्या किती, शिक्षक किती, तांदूळ किती, हे त्यावरून ठरतं. पण कोणतं पोर सोमवारपासून आलेलं नाही आणि ते शेळ्यांमागे गेलंय की तापाने झोपलंय, हे वर्गशिक्षकालाच कळतं, कारण हजेरीपट त्याच्या हातात असतो. एचआयव्हीच्या उपचारात पटसंख्या म्हणजे दर महिन्याला वर जाणाऱ्या बेरजा, आणि हजेरीपट म्हणजे रुग्णनिहाय माहिती: एकेका माणसाची तारीख, वजन, गोळ्या, तपासण्या आणि पुढच्या भेटीचा दिवस. गेल्या वीस वर्षांत जिथे जिथे हे कार्यक्रम सुधारले, तिथे बहुतेक वेळा हजेरीपट वर्गशिक्षकाच्या हाती परत आल्यावरच सुधारले.

एचआयव्हीच्या बाबतीत या हजेरीला इतकं महत्त्व का, हे आधी समजून घ्यायला हवं. या आजारावर पूर्ण बरं करणारं रोजच्या वापरातलं औषध आजही नाही. आहेत त्या विषाणूला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, म्हणजे एआरटी. त्या रोज आणि जन्मभर घ्याव्या लागतात. नेमाने घेतल्या तर रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली जातो. माणूस आपलं आयुष्य जगतो, आणि त्याच्यापासून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागणही होत नाही. मध्येच सोडल्या तर विषाणू पुन्हा उसळतो, आणि गोळ्या कधी घेतल्या कधी नाही असं झालं तर त्या औषधाला दाद देईनासा होण्याची भीती असते. अपेंडिक्स काढलं की सर्जनचं काम संपतं. इथे दवाखान्याला त्याच माणसाशी तीस-चाळीस वर्षं नातं टिकवावं लागतं. हे नातं सांभाळायचं तर वही लागतेच.

मलावीने ही वही घातली ती संगणकाशिवाय. २००४ मध्ये सरकारने मोफत एआरटीचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला तेव्हा डॉक्टर मोजके होते, वीज बेभरवशाची होती आणि रुग्ण लाखांनी होते. युरोपातल्या दवाखान्यांसारखी प्रत्येकाची वेगळी चिकित्सा करत बसणं शक्यच नव्हतं. क्षयरोग कार्यक्रमात मुरलेल्या अँथनी हॅरीज यांच्यासारख्या डॉक्टरांनी मग तिथलीच रीत उचलली. ती रीत मूळची कारेल स्टिब्लो या चेक डॉक्टरची. स्टिब्लो तरुणपणी नाझींच्या माउटहाउझेन छळछावणीत होते, तिथेच त्यांना क्षय जडला. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी टांझानियात क्षयरुग्णांची हिशेबवही घातली. एका तिमाहीत दाखल झालेले सगळे रुग्ण म्हणजे एक तुकडी. त्या तुकडीतल्या प्रत्येकाचं पुढे काय झालं ते लिहायचंच, एकही नाव कोरं सोडायचं नाही. बरा झाला, वारला, गाव सोडून गेला, उपचार सोडला. काहीही असो, उत्तर हवंच.

मलावीत प्रत्येक रुग्णाचं एक मास्टर कार्ड तयार झालं. त्यावर त्याच्यासोबत येणाऱ्या पालकाचं किंवा नातेवाइकाचंही नाव. दर तिमाहीला आरोग्य मंत्रालयाची माणसं केंद्राकेंद्रांत जायची आणि तिथल्या कर्मचाऱ्यांबरोबर बसून कार्डांचे गठ्ठे मोजायची: जिवंत व गोळ्यांवर, मृत, हरवलेले, थांबलेले, दुसरीकडे गेलेले. त्याच फेरीत औषधाचा साठाही मोजला जाई. किती माणसं खरोखर गोळ्या घेतायत हे नक्की कळल्यामुळे पुढच्या तिमाहीला किती डबे पाठवायचे याचा अंदाज चुकत नसे. ज्या केंद्राची वही चोख, त्याला प्रशस्तिपत्र मिळे. ते भिंतीवर लावलं जाई. ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. ज्याला आपली वही कोणीतरी वाचतंय हे माहीत असतं, त्याची वही नीट राहते.

या साऱ्याला मुंबईचाही एक धागा आहे. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. त्याआधी पाश्चात्त्य कंपन्यांच्या दराने त्यालाच दहा हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागत. तीन औषधं एकाच गोळीत, सकाळ-संध्याकाळ एकेक. ही स्वस्त मिश्रगोळी आली नसती, तर मलावीसारख्या देशाला मोजण्यासाठी रुग्णच मिळाले नसते.

पण गठ्ठे वाढत गेले. शे-दोनशे कार्डं दुपारभरात मोजून होतात. पाच-सात हजारांची मोजणी आठवडाभर चालते, आणि ती संपेपर्यंत पहिली मोजणी शिळी झालेली असते. राजधानी लिलाँग्वेत गेरी डग्लस यांनी २००१ पासून ‘बाओबाब हेल्थ’ या संस्थेमार्फत एक वेगळं यंत्र घडवायला घेतलं होतं. पडद्याला बोट लावायचं, एका वेळी एकच प्रश्न, टंकलेखन येण्याची गरज नाही. वीज कमी खाणारी यंत्रं, सोबत बॅटरी. मलावीत प्रत्येक माणूस आपली आरोग्यपुस्तिका जवळ बाळगतो, तिला तिथे ‘हेल्थ पासपोर्ट’ म्हणतात. तिच्यावर बारकोडची चिठ्ठी चिकटवली की झालं. नर्स चिठ्ठी वाचकासमोर धरते आणि माणसाचा सगळा इतिहास समोर येतो. रुग्णाने उरलेल्या गोळ्या बरोबर आणायच्या. नर्स त्या मोजून आकडा घालते आणि मधल्या काळात किती गोळ्या चुकल्या ते यंत्र सांगतं. दोन हजारांवर रुग्ण असलेल्या केंद्रांनी कागदावरून या व्यवस्थेकडे यायचं, असं धोरण ठरलं.

या यंत्राचं खरं मोल पडद्यावर नव्हतं, त्यातून निघणाऱ्या यादीत होतं. लिलाँग्वेच्या ‘लाइटहाउस’ दवाखान्यात ठरलेली तारीख उलटून तीन आठवडे झालेल्यांची यादी निघे, आणि ज्यांनी नाव घालतानाच ‘घरी आलात तर चालेल’ अशी संमती दिली होती, त्यांना फोन किंवा गृहभेट होई. तीन महिने थांबायचं नाही. उत्तर मलावीतल्या त्या १२७ जणांची गोष्ट आठवली, तर तीन आठवडे आणि तीन महिने यांतला फरक समजावून सांगायची गरज उरत नाही.

मग आलं २०११. त्या वर्षीच्या जुलैत मलावीने जगात कोणी न घेतलेला निर्णय घेतला. तोवरच्या नियमानुसार गर्भवतीला आयुष्यभराच्या गोळ्या लागतील का हे ठरवायला रक्तातल्या सीडी-४ पेशी मोजाव्या लागत, आणि त्या मोजणारी यंत्रं देशात ठिकठिकाणी नव्हतीच. मलावीने ती अटच काढून टाकली. गर्भवती किंवा अंगावर पाजणारी बाई एचआयव्हीबाधित निघाली की लगेच गोळ्या सुरू, त्याही आयुष्यभरासाठी. या धोरणाला ‘ऑप्शन बी प्लस’ म्हणतात. निर्णयाआधीच्या तिमाहीत १,२५७ गर्भवती आणि स्तनदा बायकांना एआरटी सुरू झाली होती. २०१२ च्या जुलै-सप्टेंबरमध्ये हा आकडा १०,६६३ वर गेला. वर्षभरानंतर उपचारात टिकलेल्या ७७ टक्के. जगभर कौतुक झालं, आणि पुढे अनेक देशांनी ही वाट धरली.

७७ टक्के हा आकडा वाईट नाही. पण उरलेल्या बायका गेल्या कधी? वर्षभर घेऊन कंटाळल्या? बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि तिथेच राहिल्या? बेरीज याचं उत्तर देत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ते शोधलं. ५४० केंद्रांच्या एकत्रित आकड्यांसोबत संशोधकांनी १९ मोठ्या केंद्रांतल्या ११,५३४ बायकांच्या एकेकीच्या संगणकीय नोंदी तपासल्या. सहा महिन्यांत १७ टक्के बायका सुटल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. गरोदरपणी गोळ्या सुरू झालेल्यांत पहिल्या भेटीनंतर परत कधीच न येणाऱ्यांचं प्रमाण, स्वतःच्या आजारपणामुळे सुरू केलेल्या बायकांच्या पाचपट होतं. मोठ्या केंद्रांत, तपासणीच्या दिवशीच गोळ्या हातात दिलेल्या गर्भवतींमध्ये गळती सर्वांत जास्त होती. केंद्राकेंद्रांतला फरक तर चक्रावून टाकणारा: कुठे एकही बाई सुटली नाही, कुठे निम्म्याहून जास्त सुटल्या.

यावरून जे चित्र डोळ्यांपुढे येतं ते आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात शोभेल असंच आहे. बाई पोटातल्या बाळाची तपासणी करायला आलेली आहे. तिला स्वतःला काहीही होत नाहीये. रांगेत दोन तास उभी राहिल्यावर तिला कोणीतरी सांगतं, तुम्हाला एचआयव्ही आहे, या गोळ्या आजपासून जन्मभर घ्यायच्या. दहा मिनिटांत पिशवी हातात. घरी जाऊन नवऱ्याला, सासूला काय सांगायचं? ती डबा कुठेतरी लपवते, किंवा वाटेतच टाकते, आणि परत त्या दवाखान्याची पायरी चढत नाही.

दुखणं कुठे आहे ते कळल्यावर इलाजाला दिशा मिळाली. मलावीतच झालेल्या ‘प्युअर’ नावाच्या चाचणीत, स्वतः या वाटेने गेलेल्या एचआयव्हीबाधित आयांना नव्या बायकांच्या सोबतीला दिलं. काही ठिकाणी दवाखान्यात, काही ठिकाणी वस्तीत. २०१७ मध्ये निकाल आला. नेहमीच्या पद्धतीने दोन वर्षांनी ६६ टक्के बायका उपचारात टिकल्या, तर सोबतीण मिळालेल्या दोन्ही गटांत ८० आणि ८३ टक्के. यात नवं औषध नव्हतं आणि नवं यंत्रही नव्हतं. नवं होतं ते एवढंच, की आधार कोणत्या आठवड्यात लागतो हे ठाऊक झालं होतं.

न आलेल्यांचा शोध घ्यायचा, तर हजारो जणांच्या मागे धावणार कोण, हा प्रश्न उरतोच. युगांडातल्या म्बरारा शहरात एल्विन गेंग आणि सहकाऱ्यांनी त्याला एक तोड काढली. तिथल्या दवाखान्यात ३,६२८ जणांना एआरटी सुरू झाली होती, त्यांतले ८२९ हरवले होते. सगळ्यांना शोधणं अशक्य, म्हणून त्यांनी १२८ जणांचा नमुना घेतला आणि एका माणसाला मोटरसायकलवरून किंवा जमेल तसं त्यांच्या मागावर पाठवलं. १११ जणांचं काय झालं ते कळलं. ३२ वारले होते. जे जिवंत भेटले त्यांतले पुष्कळ जण दुसऱ्या ठिकाणी उपचार घेत होते, आणि न येण्याचं सगळ्यांत जास्त सांगितलं गेलेलं कारण पुन्हा तेच: दवाखाना लांब, वाहन नाही. ही माहिती मूळ हिशेबात धरल्यावर पहिल्या वर्षातला मृत्युदर दोन टक्क्यांच्या आतून सात टक्क्यांच्या वर गेला. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ज्या दवाखान्याला आपले मृत्यू कमी वाटत होते, त्याला ते दिसत नव्हते एवढंच. भात शिजलाय का हे बघायला घरातली बाई चार शितं चेपते, तसाच हा प्रकार. फक्त शितं वरवरची घेऊन चालत नाहीत, तळाची घ्यावी लागतात.

केनियातल्या एल्डोरेटची गोष्ट आणखी निराळी. तिथे मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ यांची जुनी भागीदारी. २००१ मध्ये मोसोरिओट या ग्रामीण आरोग्य केंद्रात त्यांनी संगणकीय नोंदी सुरू केल्या, आणि त्याच अनुभवातून २००४ मध्ये ‘ओपनएमआरएस’ ही कोणालाही फुकट वापरता येणारी प्रणाली जन्मली. पुढे ती डझनावारी देशांत पोचली. पण तिथली एक साधी चाचणी जास्त बोलकी आहे. डॉक्टर कागदावरच लिहीत. कारकून नंतर ते संगणकात भरत. मार्टिन वेरे यांच्या गटाने एवढंच केलं, की पुढच्या भेटीआधी रुग्णाचा एक पानी सारांश छापायचा आणि त्यावर आठवण द्यायची: या मुलाची अमुक तपासणी राहिली आहे. मुलांच्या दवाखान्यात ज्यांच्या कागदावर आठवण छापली, त्यांची राहिलेली कामं ६८ टक्के पूर्ण झाली. ज्यांच्यावर छापली नाही, त्यांची १८ टक्के. डॉक्टर तेच, दवाखाना तोच. दिवसाला साठ पोरं तपासणाऱ्या माणसाच्या लक्षात सगळं राहत नाही, आणि राहावं अशी अपेक्षा धरणंही चूक आहे.

या यशकथा वाचून कोणाला वाटेल की संगणक आणला, माहिती भरली, झालं. तसं नसतं. बहुतेक देशांत नोंदींचा मोठा भाग आजही वरच्यांसाठी भरला जातो: जिल्ह्यासाठी, राजधानीसाठी, पैसे देणाऱ्या परदेशी संस्थेसाठी. नर्स एकच गोष्ट तीन रजिस्टरांत लिहिते, आणि त्यातून तिच्या हाती काहीच परत येत नाही. अशी माहिती सडते. जो रकाना कोणी वापरत नाही त्यात काहीही लिहिलं जातं. आणि ज्या आकड्यावरून साहेब रागावतात तो आकडा लवकरच सुंदर दिसू लागतो. माहिती भरणाऱ्यांची नोकरीही परक्या पैशावर उभी असते. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत रोखली तेव्हा दक्षिण आफ्रिकेत नोकरी गेलेल्यांत समुपदेशक आणि परिचारिकांबरोबर माहिती भरणारे कर्मचारीही होते. ज्या हातांनी यादी काढायची तेच गेले, तर यादीतल्या माणसांकडे कोण जाणार?

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ ची, चेन्नईची. मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. सुरुवातीच्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. आज देशात सुमारे २५ लाख एचआयव्हीबाधित असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा: चार लाखांच्या जवळपास. एआरटी केंद्रात गेलेल्या कोणालाही दोन वस्तू ठाऊक असतात. एक पांढरं कार्ड, जे केंद्रातच राहतं. आणि एक हिरवी पुस्तिका, जी रुग्णाजवळ असते. केंद्रात डॉक्टर, समुपदेशक, औषधवाटप करणारा यांच्याबरोबर एक डेटा मॅनेजर असतो, आणि एक केअर कोऑर्डिनेटर, जो बहुधा स्वतः या आजारासोबत जगणारा असतो. शेवटच्या या माणसाचं काम कुठल्याही सॉफ्टवेअरला जमण्यासारखं नाही.

आपल्याकडेही बरीच वर्षं केंद्रांतून महिन्याच्या महिन्याला बेरजा वर जात. वर्धेत नाव असलेला माणूस नाशिकला गोळ्या घेऊ लागला, तर तो वर्धेत हरवलेला आणि नाशकात नवा. आता राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, म्हणजे नॅकोची, ‘सोच’ ही संगणकीय व्यवस्था आहे. तिच्यात तपासणीपासून गोळ्यांपर्यंत आणि विषाणूच्या मोजणीपर्यंत एका माणसाची एकच नोंद चालते, आणि ती एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात पाठवता येते. त्याआधी २०१७ मध्ये उपचार सुटलेल्यांना परत आणण्यासाठी नॅकोने ‘मिशन संपर्क’ हाती घेतलं होतं.

महाराष्ट्रात ही सोय किती मोलाची ठरू शकते हे बीडच्या बसस्थानकावर दसऱ्यानंतर उभं राहिलं की कळतं. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमधून कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकाकडे निघतात, त्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत परतत नाहीत. या टोळीतल्या एखाद्याच्या गोळ्या चालू असतील, तर त्याने महिन्याला कोयता खाली ठेवून, उचलीतून खाडा कापून घेऊन, बीडला यायचं? मुकादमाला काय कारण सांगायचं? बेरजेला तो डिसेंबरात ‘आलेला नाही’ एवढाच दिसतो. एकेका माणसाच्या तारखा दोन-तीन वर्षांच्या ओळीने पाहिल्या, तर तो दर वर्षी त्याच महिन्यांत गायब होतो आणि गुढीपाडव्याच्या आसपास उगवतो, हे डेटा मॅनेजरला कळू शकतं. मग टोळी निघण्याआधीच त्याला तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतात, नाहीतर कारखान्याजवळच्या केंद्राची चिठ्ठी देता येते. शिस्त नाही म्हणून त्याला समुपदेशन करत बसण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

एक भीती मात्र खरी आहे, आणि ती रुग्णांनी बोलून दाखवली की तिला अडाणीपणा म्हणण्याची चूक करू नये. ज्या यादीमुळे माणूस वाचतो तीच बाहेर पडली, तर त्याला गावातून उठवते. २०१९ च्या जानेवारीत सिंगापूर सरकारने जाहीर केलं की त्यांच्या एचआयव्ही नोंदवहीतली १४,२०० माणसांची नावं आणि माहिती चोरीला जाऊन इंटरनेटवर आली आहे. सिंगापूरसारख्या काटेकोर देशात हे घडलं. भारतात २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू झाला. कायद्यातले अपवाद सोडले तर संमतीशिवाय कोणाचीही एचआयव्हीची माहिती उघड करता येत नाही, आणि अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला त्या जपण्याची व्यवस्था करावी लागते. कागदावर तरतूद चांगली आहे. पण खरी परीक्षा दारात होते. शोधायला येणारी ताई कोणत्या गाडीतून येते, शेजारणीने विचारलं तर काय सांगते, फोन नवऱ्याने उचलला तर काय बोलते, यावर यादीचं चांगलं-वाईट ठरतं. संमती घेताना ‘घरी आलो तर चालेल का?’ याच्या पुढे ‘कोण म्हणून येऊ?’ हेही विचारावं लागतं. अनुभवी कार्यकर्त्या ते विचारतात.

हा लेख वाचणाऱ्यांत किंवा त्यांच्या ओळखीत कोणाच्या गोळ्या सुटल्या असतील, तर महिना झाला असो की पाच वर्षं, केंद्रात परत जाता येतं. उपचार पुन्हा सुरू होतात, आणि तेही फुकट. हिरवी पुस्तिका हरवली असली तरी अडत नाही. जुन्या केंद्रात जायचं नसेल तर दुसऱ्या केंद्रात नाव घालता येतं; मात्र आधी कुठे गोळ्या घेत होतो ते तिथे सांगावं, म्हणजे जुनी नोंद जुळवता येते. पुढच्या महिन्यांत बाहेरगावी जायचं असेल तर तेही तारीख यायच्या आत सांगावं. नॅकोची टोल-फ्री हेल्पलाइन १०९७ आहे. तिथे नाव सांगावं लागत नाही.